लाल कापडातलं बाबेल

अहेरीच्या ख्रिस्ती मंडळीत मोठ्या अक्षरांचं बायबल एकच. संध्याकाळचं वाचन घरोघरी व्हावं म्हणून बशीरभाऊ जिल्दवाल्याकडून त्याचे भाग पाडून घेतले होते. बशीरभाऊंनी हाताला लागेल ते कापड लावलं. कुठे हिरवं, कुठे निळं, शेवटच्या भागाला लाल.

तो लाल भाग पिशवीत घालून सोमाजी सकाळी हेमलकशाकडे निघाला आणि पोलीस नाक्यावर अडकला. जंगलाच्या वाटेवर लाल पुस्तक म्हणजे नक्षलवाद्यांचं, ते कोणाला सांगायला नको. दुपारी निरोप आला तशी त्याची बायको मंगली उठली. तान्ह्या पियुषला कडेवर घेतलं, शेजारून हिरवा भाग मागितला, मिळाली ती जीप धरली.

लाल कापड बशीरभाऊंनी लावलं, हे सांगून सांगून थकलेला सोमाजी बाकड्यावर मान खाली घालून बसला होता. हवालदार गुणवंतरावांच्या हातात लाल पुस्तक.

"गडचिरोलीची गाडी येऊन राह्यली, बाई. तुझा नवरा जाईन तिच्यात. हे काय लिवलं आहे? मोठं शहर पडलं, व्यापारी रडून राह्यले. कोणतं शहर? नागपूर?"

"बाबेल लिवलं आहे, साहेब. पण बोलणं रोमच्या बादशहाबद्दल. नाव घेतलं असतं तर मुंडकं गेलं असतं."

"लिवणारा कुठी आहे?"

"बादशहानं त्याले बेटावर टाकलं होतं."

"म्हणजे तडीपार."

"हो. दोन हजार वर्षं झाली त्याले."

गुणवंतरावांची मिशी हलली, पण त्यांनी पुस्तक खाली ठेवलं नाही. मंगलीनं हिरव्या भागातलं पौलाचं पत्र उघडून दिलं. अधिकाऱ्याचं ऐका, कर द्या, मान द्या. त्यांनी बोट फिरवत वाचलं. कागद तोच, अक्षर तेच.

"एकाच पुस्तकात सरकारले मान द्या बी, अन् सरकार पडलं म्हणून गाणं बी?"

वाचवायला आणलेलं पानच अंगावर उलटलं होतं.

"लिवणारे दोन, साहेब," ती हळूच म्हणाली. "एकाले बरा अधिकारी भेटला असन, दुसऱ्याले वाईट."

"अन् तुले कोणता भेटला?"

"ते ह्याईले घेऊन घरी पोचली, मंग सांगीन."

बाकड्यावर सोमाजीनं डोळे मिटले. गुणवंतराव मात्र खदखदून हसले.

"जा घेऊन. अन् बशीरले सांग, काळं कापड लाव म्हणा."

लाल पुस्तक घेऊन दोघं रस्त्यावर आले. सोमाजीनं पियुषला घेतलं, तर पोरानं लाल जिल्दीचा कोपरा धरून थेट तोंडात घातला.

"खाऊ दे," मंगली म्हणाली आणि जीप येईपर्यंत हसत राहिली.