होनमानाचा घोटायचा दगड

मित्रांनो, मी एक काळपट, गुळगुळीत दगड आहे. मुठीत सहज मावतो. माझे वय मला ठाऊक नाही. डोंगरातून कधी सुटलो आणि किती पुरांनी मला घासले, कोण जाणे. आमच्या होपी आदिवासींच्या टेकडीखालच्या ओढ्यात एका बाईने मला उचलले आणि आपल्या सात वर्षांच्या लेकीच्या, होनमानाच्या, हातात ठेवले. मडकी घोटून त्यांना चकाकी आणणे, हे माझे काम ठरले.

साठ वर्षे मी तिच्या बोटांत राबलो. वाळलेले मडके ती ओल्या हाताने पुसायची आणि मला त्यावर फिरवायची. घोटून झाले की राखाडी मातीत खिडकीचा उजेड दिसे. भाजल्यावर तीच माती मधासारखी पिवळी होई. हे मी शेकडो वेळा पाहिले, तरी दर वेळी थक्क होत असे.

तिच्या मुलीला, रोवेनाला, दहाव्या वर्षापर्यंत घोटणे, भाजणे सगळे येऊ लागले होते. मग सरकारी माणसांनी तिला दूरच्या निवासी शाळेत नेले. तिथे आपली होपी भाषा बोलली की शिक्षा होई. मातीकाम म्हणजे घाण, असे तिच्या मनावर बिंबवले गेले. सुट्टीत ती घरी आली तेव्हा होनमानाने मला तिच्यापुढे धरले. रोवेनाने हात पाठीमागे नेले. होनमानाने मला कापडात गुंडाळून फळीवर ठेवले.

होनमाना गेल्यावर रोवेनाने मला विन्स्लो शहरातल्या आपल्या घरी नेले. मी चमच्यांच्या खणात पडलो. हिवाळ्यात घरचे लोक मला आपटून चिलगोजे फोडत. एकदा माझ्या कडेचा टवका उडाला. रोवेनाने होपीचा एक शब्दही तिथे काढला नाही.

तिची मुलगी डेल्फीन दवाखान्यात परिचारिका होती. टेकडीवरच्या गावात अर्लीन नावाची म्हातारी कुंभारीण आपल्या लोकांना पुन्हा मडकी घडवायला शिकवते, हे तिच्या कानावर आले. ती मला घेऊन गेली. अर्लीनने मला उलटसुलट पाहिले.

"हा माझ्या होनमाना मावशीचा दगड. टवका कसा गेला?"

"चिलगोजे फोडायचो आम्ही याने."

"नशीब, खिळे नाही ठोकलेत."

शिकायला आलेल्या बायका हसल्या. अर्लीन मात्र मला हातातून सोडीना. "मला सगळं येतं गं, पण मावशीचा तो रंग काही येत नाही. भाजताना शेणी कशा रचायच्या ते तिने फक्त लेकीला दाखवलं होतं."

डेल्फीनची मडकी भाजल्यावर दोनदा डागाळलेली, मळकी निघाली. तिसऱ्या खेपेला ती आईला बरोबर घेऊन आली. रोवेना गाडीतून उतरेना. डेल्फीन अंगणात मडके घोटत होती. बऱ्याच वेळाने गाडीची काच खाली झाली.

"आधी ओलं कर ते. कोरड्यावर दगड ओरबाडतो."

"मग दाखव ना, आई."

रोवेना उतरली. तिने मला हातात घेतले, टवका खाली वळवला आणि चांगली बाजू मातीला लावली. चार-पाच वेळा फिरवल्यावर माती चकाकू लागली. मित्रांनो, अठ्ठावन्न वर्षांनी त्या बोटांनी मला घोटताना जिथे धरायचे तिथेच धरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला होता. रोवेनाने मडक्याभोवती मेंढ्यांच्या लेंड्यांच्या शेणी उभ्या, एकीला एक टेकवून रचल्या आणि पेटवल्या. अर्लीन आडव्या रचायची. ती शेजारी उकिडवी बसून, शिकाऊ पोरीसारखी बघत होती.

दुपारी राख बाजूला सारली. आत मडके होते. गार होता होता त्याच्यावर मधाचा रंग चढत गेला, मधूनच केशरी. मी कितीतरी पूर पाहिलेला दगड, पण त्या रंगापुढे मी लहान झालो.

रोवेनाने कोमट मडके गालाला लावले आणि हळूच म्हणाली, "अस्कवली." आमच्या बायका उपकार मानताना हा शब्द म्हणतात. डेल्फीनने आईच्या तोंडून होपी शब्द पहिल्यांदाच ऐकला. तिने तो जपून उच्चारून पाहिला. तो चुकला. रोवेनाने तो सुधारून सांगितला.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादे जुने हत्यार खणात पडले असेल. त्याला नुसते पुसून काचेमागे ठेवू नका. ते ज्यांच्या हातांनी चालवले, त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि ते कसे चालवायचे ते विचारा. ती माणसे गाडीतून उतरत नसतील, तर थोडे थांबा.