हिरव्या मण्यांचा रस

“एवढी हिरवी द्राक्षं कशाला नेताय? महिनाभर थांबलात तर गोड तरी होतील,” बागेतला नवा मुकादम म्हणाला.

“मण्यात पाणी उतरायच्या आधीचीच हवीत, कडक आंबट. बाबांसाठी,” मी म्हणाले.

“जीभवाल्यांची लेक आहे ती,” घड विरळणारी एक म्हातारी बाई वेलीआडून बोलली. “भरून द्या पिशवी.”

जीभवाले म्हणजे माझे बाबा. वाइनच्या कारखान्यात एकतीस वर्षं ते रस काढायच्या यंत्रावर होते, पण त्यांची खरी नोकरी जिभेची. एक मणी दाताखाली फोडून ते तोडणीचा दिवस सांगत आणि मालक मुकाट्याने ऐकत. विरळणीत काढून टाकलेले कच्चे घड ते घरी आणायचे, हाताने चुरडायचे, फडक्यातून गाळायचे. आमच्या घरात लिंबू म्हणून कधी आलं नाही. भाजीत, रश्शात, माशावर तोच रस. आई होती तोवर चवीचा निकालही तेच द्यायचे, आणि तिला बिचारीला कधी पैकीच्या पैकी गुण मिळाले नाहीत.

घशाच्या कॅन्सरवर किरणं दिली आणि त्या जिभेची चवच गेली. पाच दिवस ते दोन घोट दुधावर होते. काहीही पुढे ठेवलं तरी “ओला कागद” म्हणून ताटली सरकवायचे. वजन अठ्ठेचाळीसवर आलं होतं. गुरुवारी काटा त्याच्या खाली गेला तर पुढचं इंजेक्शन देता येणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं. आज मंगळवार. मी हात टेकले होते. निदान हा आंबटपणा तरी जिभेला जागं करील, एवढीच वेडी आशा उरली होती.

घरी येऊन मणी चुरडायला बसले. अर्ध्या तासात वाटीभर रस निघेना. आतून बाबांचा खोकला ऐकू येत होता. मला धीर धरवेना. सगळे मणी मिक्सरमध्ये टाकले. दोनच फेरे, म्हटलं, तेवढ्याने काय होतंय. साका खाली बसायचीही वाट पाहिली नाही. लोण्यात मासा परतला, त्यावर रस ओतला आणि ताटली त्यांच्यापुढे ठेवली.

पहिल्या घासाला त्यांनी डोळे मिटले.

“छान उतरलाय यंदा,” ते म्हणाले. “आंबट.”

मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरात पळाले. तिथे सहज तवा बोटाने पुसून चाटला. कडूजहर. मिक्सरमध्ये बिया फुटल्या होत्या. असा रस बाबा मोरीत ओतून द्यायचे आणि दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत.

बाहेर आले तर ते चौथा घास कसाबसा ढकलत होते.

“बाबा, ठेवा तो चमचा. विष झालंय त्याचं. तुम्हाला काहीसुद्धा लागत नाहीये ना?”

त्यांनी तोंड पुसलं. “मिक्सर ऐकला तेव्हाच कळलं, बिया गेल्या म्हणून.”

“मग छान कशाला म्हणालात?”

“तुझ्या आईला कधी म्हणालो नाही. तुला तरी म्हणावं.”

मी त्यांच्यासमोर बसले. परवाचा तो वजनकाटा डोळ्यांपुढून हलेना. रडायचंही त्राण नव्हतं.  बाबांनी ताटली आमच्या दोघांच्या मध्ये ओढली.

“एक घास घे. आणि नीट सांग. कडू कुठे लागतंय? टोकाला की घशाशी?”

त्यांनी कुणाला चव विचारलेली मी जन्मात ऐकली नव्हती.

“घशाशी,” मी म्हणाले.

“आणि आंबट?”

“आहे. गाल आतून ओढले जातायत. कानाखाली कळ येतेय.”

“लोणी?”

“ते मागून येतंय. आंबट जरा निवलं की.”

त्यांनी चमचा भरून तोंडात घातला आणि माझ्या तोंडाकडे बघत सावकाश चावू लागले.

“हं,” ते म्हणाले, “पुढे सांग.”

ताटली संपेपर्यंत मी सांगत राहिले.