पाठमोरा वर्ग

बाबा गेल्यावर आठवड्याने प्रशिक्षण केंद्राच्या प्रमुख बाई घरी आल्या. बाबांची जाळे-दुरुस्तीची शेवटची तुकडी अर्धवट राहिली होती. नऊ जण, सोमवारी परीक्षा. पास झाले तर बंदरावरच्या जाळ्यांच्या शेडमध्ये कायमचं काम, नाहीतर पुन्हा बर्फाच्या पाट्या उचलायच्या. दुसरा शिक्षक इतक्या लवकर मिळेना. मी वाचनालयात नोकरी करते, पण जाळं विणायला मला बाबांनी सातव्या वर्षी शिकवलं होतं. मी हो म्हटलं.

लांबट खोली, भिंतीला खिळ्यांची रांग, खिळ्यांवर फाटकी जाळी. बाबांची खुर्ची सगळ्यांच्या समोर होती, तिथेच मी बसले. सुईत दोरा भरला. फास, वळसा, ओढ. पाच वेळा, सावकाश. मग प्रत्येकाचं जाळं दोन्ही हातांनी ताणून पाहिलं. गाठी सरकल्या. एकूण एक.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, वयाने सगळ्यात मोठ्या बाईंनी सुई खाली ठेवली. त्यांना सगळे मावशी म्हणत. वीस वर्षं त्यांनी मासळी साफ केली होती.

"मास्तर होते तोवर जमत होतं, ताई. आता आमचे हातच मठ्ठ झाले म्हणायचे."

सगळे खाली बघत होते. बाबांची तुकडी माझ्या हातून बुडत होती.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती भांडी पुसत होती. मी कुठे बसते, असं तिने विचारलं. समोर, बाबांसारखीच, मी म्हटलं.

"अगं, ते डावखुरे होते," आई म्हणाली. "समोर बसायचे ते म्हणूनच. बघणाऱ्याला आरशात बघितल्यासारखं सोपं जायचं. तू उजव्या हाताने शिकलीस ना? समोरून त्यांना सगळं उलटं दिसतं."

ते डावखुरे होते हे मला काय माहीत नव्हतं? पण ते समोर का बसतात, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

शनिवारी मी खुर्ची भिंतीकडे वळवली आणि सगळ्यांना मागे उभं केलं. मावशींची हनुवटी माझ्या खांद्यापाशी आली.

"मास्तरांचं तोंड बघत शिकायचं, ताईंची पाठ बघत," त्या म्हणाल्या. "घराणंच उफराटं."

सगळे हसले. मीही हसले, आणि मग डोळे भरून आले ते थांबेनात. समोर नुसती भिंत होती. हात चालू ठेवले. फास, वळसा, ओढ.

सोमवारी परीक्षकाने नऊही जाळी ताणून पाहिली. मावशींचं दोनदा. गाठ हलली नाही. कोणाकडे शिकलात, त्याने विचारलं.

"मास्तरांकडे," मावशी म्हणाल्या.

मी दाराशी उभी होते. खुर्ची अजून भिंतीकडे तोंड करून होती. ती मी पुन्हा समोर वळवून ठेवली आणि घरी आले.