नागपूरहून हलणारा हात

तृप्ती सिस्टरने दामिनीच्या पोटावर थंडगार जेल लावले आणि सोनोग्राफीच्या यंत्राचा हात हळूहळू खाली येऊ लागला. तेवढ्यात समोरच्या पडद्यावर डॉक्टर दिसले.

दामिनी उठून बसली. ओढणी पोटावर ओढून घेतली.

"मशीन तपासते म्हणे ना? हा तं माणूस हाये."

"हात मशीनचाच लागते," सिस्टर म्हणाली. "डॉक्टर नागपुरात बसून तो चालवतात. सिहोऱ्यात बसल्या जागी मोठा डॉक्टर भेटला, अन् तू नखरे करून राहिली."

"चालवते तं तोच ना. माह्या आईनं मरेपर्यंत परक्या माणसाचा हात लागू देला नाही. मी बी नाही लागू देणार."

तिचा बाप सेवकराम कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला होता. त्याच्या बायकोला, शकुनबाईला जाऊन वर्ष होत आले होते. पोटातली गाठ फार उशिरा कळली. काहून उशीर केला, असे जो तो विचारी. सेवकराम सगळ्यांना एकच सांगे, तिचीच तयारी नव्हती, लाजरी होती. गावाने ते खरे मानले. बाया तिचे नाव मानाने घेऊ लागल्या. लेकीलाही आईचा अभिमान वाटे.

"काय करायचं काका?" डॉक्टरांनी विचारले. "बाहेर बाकीचे थांबलेत."

सेवकराम उठला. त्याने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

"दामिनी, तुह्या आईची तयारी होती."

"कायले?"

"तपासाले. भंडाऱ्याले अशीच टेबलावर झोपली होती. डॉक्टर बाई नाही, माणूस निघाला. मीच तिले हाताले धरून उठवलं अन् घरी आणलं."

सिस्टर हातातली बाटली पुसत राहिली.

"आई काही बोलली नाही?" दामिनीने विचारले.

"बोलली ना. बस येईपर्यंत म्हणत होती, परत चला जी."

दामिनीने बापाकडे पाहिले. मग ओढणी बाजूला करून आडवी झाली. सेवकरामने तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला.

यंत्र पोटावर टेकले.

"कधीपासून दुखतंय?" डॉक्टरांनी विचारले.

"आठ महिने झाले."

बापाला तिने आठ दिवस सांगितले होते.