कुंताबाईच्या हातच्या अळ्या

जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला, त्याच्या पुढच्या पावसाळ्यातली ही गोष्ट. लाखनीपलीकडच्या एका गावात कुंताबाई दिवसभर धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, करून घरी आली, ती कमरेवर हात ठेवूनच. पाय फुगलेले, बोटांची कातडी पांढरी पडलेली. कोणी हातात पाण्याचा गडवा द्यावा, एवढीच तिची इच्छा. दिला कोणी? थोरली मेघा कोपऱ्यातल्या फुटक्या माठाकडे बोट दाखवून म्हणाली, "माय, त्याले हात लावू नोको. आमी अळ्या पोसून राहिलो."

"अगं बाई!" कुंताबाई मटकन उंबऱ्यात बसली.

माठात येनाच्या, म्हणजे ऐनाच्या झाडाच्या, डहाळ्या खोचल्या होत्या आणि त्यांवर हिरव्या अळ्या पाला कुरतडत होत्या. रानात बापाला डबा द्यायला गेलेल्या पोरीनं वाऱ्यानं खाली पडलेल्या उचलून आणल्या होत्या. धाकट्या पिंटूला अळीचं पाखरू होताना बघायचं होतं.

आता रेशमाच्या कोशाच्या अळ्या म्हणजे त्या गावात पुरुषांचं काम. येनाच्या झाडांवर अळ्या सोडल्या की कुंताबाईचा नवरा सोमाजी रानातच झोपडी करून राही, कावळे हाकत बसे. लहान पोरी डबा घेऊन जात, पण बाईचं पाऊल तिथं पडलं की अळ्यांवर रोग येतो, असं सगळे म्हणत. नव्या नवरीला हे कोण सांगणार? लग्नाच्या पहिल्या वर्षी ती हौसेनं नवऱ्याला भाजी घेऊन रानात गेली, आणि नेमक्या त्याच आठवड्यात अळ्या काळ्या पडून झाडांवर लोंबल्या. झालं! तेव्हापासून गावात कोणाचंही कोशाचं पीक बुडो, नाव कुंताबाईचंच. सासू म्हणे, जावा म्हणत, नवराही म्हणे. ऐकून ऐकून तिचा जीव विटला होता.

"फेकून दे त्या," ती म्हणाली. "मेल्या तं पुन्हा माह्याच डोक्यावर येईन."

"मरतीन काहून? आमी रोज पाला बदलू ना!"

बदलला की! दोन दिवस बदलला. मग शाळा, मग खेळ. रोवण्यावरून येता येता बांधावरच्या येनाच्या डहाळ्या तोडून आणायचं काम कुंताबाईच्याच गळ्यात पडलं. पहिली अळी तिनं दोन बोटांत धरून नव्या पाल्यावर ठेवली. "खा बायांनो, खा," ती पुटपुटली. "पण माह्या हातचं खाऊन मरू नोका." सकाळी उठून ती चुलीकडे जायच्या आधी माठाकडे जाई. जिवंत आहेत ना? होत्या. बघता बघता बोटाएवढ्या जाड झाल्या, मग तोंडातून धागा काढून स्वतःभोवती कोसा विणत त्यात बंद झाल्या.

तिकडे रानात झड लागली. सोमाजीच्या अळ्यांवर रोग पडला आणि मेलेल्या अळ्यांनी सगळी झाडं काळी झाली. त्या वर्षी बाई काय, बाईची सावलीसुद्धा तिकडे फिरकली नव्हती. उरलेल्या वाचवायची धडपड करून शेवटी तो घरी आला, दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. आता हा माझं नाव घेणार, म्हणून कुंताबाई भात वाढायचीही थांबली.

तेवढ्यात पिंटू ओरडला, "निंघालं! निंघालं!"

एका कोशाचं टोक ओलं झालं होतं. त्यातून ओलंचिंब पाखरू बाहेर सरकलं, डहाळीला लटकलं आणि हळूहळू त्यानं तळहाताएवढे पिवळे पंख पसरले. पोरं नाचायला लागली. सोमाजी उठून माठापाशी गेला. बाकीचे कोसे त्यानं एकेक करून कानाशी हलवून पाहिले. सगळे जिवंत.

"कोणं पोसले हे?"

"मायनं," मेघा म्हणाली. "रोज तिच्या हातानं."

कुंताबाई हातातली वाटी तशीच धरून सोमाजीकडे बघू लागली. आता तरी हा म्हणेल, की तुझा हात वाईट नाही म्हणून. एवढं एक वाक्य. बाकी काही नको होतं तिला.

सोमाजीनं दाराबाहेर पाहिलं आणि आवाज खाली केला. "पुढच्या पिकाले यायच्या अंड्यायचं बियाणं होते. पण गावात सांगू नोको. माह्या हातचे म्हनून सांगतो."

भांडायचं त्राणही तिच्यात उरलं नव्हतं. भाताची वाटी तिनं खाली ठेवली.

"सांगा ना," ती म्हणाली. "पण मंग लग्नाच्या वर्षी मेल्या, त्याही तुमच्याच हातच्या म्हनून सांगा. चावडीवर उभे राहून सांगा."

सोमाजीनं हातातला कोसा माठात परत ठेवला. कुंताबाईला रडू फुटलं, आणि पोरांसमोर तिनं ते आवरलं नाही.