उभा राहिलो की तापतो

मी एक जुना ट्रक आहे, मित्रांनो. माजलगावच्या एका सहकारी संस्थेने मला ऊस वाहण्यासाठी घेतले. पहिल्या दिवशी माझ्या कपाळाला हळदकुंकू लागले, चाकाखाली लिंबू ठेवले. अकरा हंगाम मी मोळ्या ओढल्या. घाट चढताना लोक म्हणायचे, "हा काय ट्रक हाय, बैल हाय बैल!" ते ऐकून मला बळ यायचे.

मग दुष्काळ पडला. ऊसच नाही, तर ट्रक हवा कुणाला? दोन वर्षे मी धूळ खात उभा होतो. पुढे संस्थेने माझ्या पाठीवर पाण्याची टाकी बसवली आणि मला घाटनांदूरजवळच्या एका वस्तीला पाणी पोचवण्याच्या कामाला लावले. वस्ती होती माळाच्या वर, रस्ता खाली. पायथ्याशी उभे राहायचे आणि माझ्याच इंजिनावर चालणाऱ्या पंपाने पाणी वरच्या टाकीत चढवायचे. दीड तास जागच्या जागी इंजिन चालू ठेवावे लागे.

काही महिने सारे नीट चालले, मग एका आठवड्यात अचानक माझे दुखणे सुरू झाले. तीस मैल पळालो तरी अंग थंड. उभा राहिलो की मात्र पाव तासात तापमानाचा काटा तांबड्या रेघेला टेके.

त्याच आठवड्यात गुरुवारी दुपारी तर हद्द झाली. पंप जेमतेम सुरू झाला आणि माझ्या तोंडातून वाफेचा लोट उठला. ड्रायव्हर शहादेव हातात फडके घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे धावला.

"हात लावू नको बे! सोलून निघशील," मिस्तरी सत्तारभाई ओरडले. घाटनांदूरला त्यांचे गॅरेज. माझा हा नवा रोग बघायला ते मुद्दाम सोबत आले होते. रमजानचे दिवस, त्यांचा रोजा होता. ओठ कोरडे पडले होते, पण पाण्याच्या टाकीला टेकूनही त्यांनी घोटभर पाणी घेतले नाही.

वस्तीतल्या बाया हंडे घेऊन उभ्या होत्या. दोन दिवसांपासून वस्तीवर पाण्याचा थेंब नव्हता.

मी थोडा निवल्यावर सत्तारभाईंनी पाणी भरले, मला पुन्हा चालू केले. पुन्हा काटा चढला. भरायला पाणी कुठले, तर बायांच्याच वाटणीचे. एकेक तांब्या माझ्या तोंडात पडताना मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"हेड गेलं," सत्तारभाई शेवटी म्हणाले. "इंजिनाचं डोकंच उतरवावं लागंल. आठ दिवस."

"आठ दिवस?" शहादेवचा आवाज फाटला. "दुसरा टँकर न्हाई भाई संस्थेकडं! चालू ठिऊ का तसाच? व्हईल ते व्हईल."

"इंजिन जाम व्हईल. मग आठ दिवस न्हाई, कायमचं."



तेवढ्यात छबुबाई पुढे आल्या. त्यांचा एक नेम होता. टँकर आला, की आधी माझ्यापुढे उदबत्ती ओवाळायची, मगच हंडा लावायचा. उपास असो, ताप असो, नेम चुकायचा नाही. आजही उदबत्ती हातात तशीच होती.

"सत्तारभाऊ, एक इचारू? हेड गेलं, तर पळताना का तापत न्हाई?"

"मावशे, आता तुमी गॅरेज टाका, आन् मी उदबत्ती ओवाळतो," शहादेव वैतागून म्हणाला.

छबुबाई हलल्या नाहीत. "आधी ह्या उदबत्तीचा धूर सरळ ह्याच्या जाळीत वढला जायचा. सोमवारपून तिथंच घुटमळतोय. माझ्या डोळ्यात जातोय."

शहादेव हसला. "देव रुसला आसंल तुमच्यावर!"

सत्तारभाई मात्र हसले नाहीत. "सोमवारपून?" त्यांनी पुन्हा विचारले. मला एक मिनिट चालू करायला लावले आणि छबुबाईंच्या हातची उदबत्ती माझ्या जाळीसमोर धरली. धूर आत आलाच नाही. तोंडासमोर लोंबकळत राहिला.

त्यांनी इंजिन बंद केले. पंख्याच्या पात्यांवर बोटे फिरवली, एकेक वळण चाचपले. मग डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"पळताना समोरून वारं घुसतं, म्हणून हा थंड राहतो. उभा राहिला की सारी मदार पंख्यावर." ते बायांकडे वळले. "पंखा उलटा बसलाय. रविवारी इंजिन थंड ठेवणारा पंप बदलला तवा म्याच बसवला. दिवस मावळून मगरिबची वेळ झालती, रोजा सोडायची घाई... चूक माझी हाय. हेड-बिड काही गेलं न्हाई."

कृश चेहऱ्याची एक म्हातारी काहीतरी पुटपुटली, पण छबुबाईंनी तिला हातानेच थांबवले.

"उपासाच्या पोटी चूक व्हती भाऊ. सापडली ना? लावा आता सरळ."

चार बोल्ट निघाले, पंखा फिरवून बसवला, चार बोल्ट आवळले. शहादेवने मला चालू केले. पाव तास गेला. अर्धा गेला. कुणाची नजर काट्यावरून हलेना. काटा मधेच थांबला होता, एका जागी, निवांत. वरून पोरींची हाळी आली, "पडलं! टाकीत पाणी पडलं!"

आता मी संस्थेच्या गोदामामागे उभा आहे. कुणी फारसे फिरकत नाही, त्याचे वाईट वाटते. पण त्या दिवसानंतर मी आणखी सहा उन्हाळे पाणी दिले, मित्रांनो. आम्हा मुक्यांना जपायचे म्हणजे नुसते तेलपाणी घालणे नव्हे. आमच्यात बिघाड झाला, की शेवटचा हात कुणाचा लागला, ते खरे सांगत जा. हात आपलाच असला, तरी.