शेवटची पाटी

चित्रपट परीक्षण मंडळाचा कागद हाती आला तेव्हा खरं तर दिग्दर्शिका युन्हेचा जीव भांड्यात पडायला हवा होता. दोनच दुरुस्त्या होत्या. भल्याभल्यांच्या सिनेमांची खांडोळी झालेली तिने पाहिली होती. एक, नवरा बायकोला मरेस्तोवर मारतो ते दृश्य कापा, कारण थिएटरात लहान मुलंही येतात. दोन, शेवटी पडद्यावर पाटी टाका, की आरोपी पकडला गेला आणि त्याला जन्मठेप झाली.

"फक्त प्रौढांसाठी असा शिक्का मारायला यांचं काय जातं?" ती निर्मात्यावर, फानदादांवरच घसरली. "पहिलीतल्या पोराला झेपेल तेवढंच सगळ्यांनी बघायचं?"

"चीनमध्ये असे शिक्के येणार, येणार, हे मी केस काळे होते तेव्हापासून ऐकतोय," फानदादा सूर्यफुलाच्या बिया फोडत म्हणाले. "मारहाण कापू, आवाज ठेवू. आणि पाटीने तुझं काय बिघडतंय? तोवर लोक उठून चालायला लागतात."

बिघडत होतं. गोष्ट युन्हेच्या धाकट्या बहिणीची होती. तिला जिवे मारून नवरा पळाला तो अजून मोकळाच आहे. आई दर वसंतात अर्ज घेऊन प्रांत सरकारच्या तक्रार कचेरीत जाते आणि हाकलून दिली की परत येते. निदान सिनेमा पाहून कुणाला लाज वाटेल, तपास पुन्हा सुरू होईल, एवढ्याच आशेवर युन्हेने तो काढला होता. पण पाटीशिवाय परवाना नव्हता आणि परवान्याशिवाय थिएटर. शेवटी दातओठ खात तिने स्वतःच ती पाटी लिहिली.

गावातल्या थिएटरात ती आईशेजारी बसली. परवान्याचा सरकारी शिक्का, सोनेरी ड्रॅगन, पडद्यावर आला तशी आई सावरून बसली. सिनेमाभर ती हलली नाही. पाटी आली तेव्हा लोक खरंच उठून निघाले होते. आई मात्र एकेक अक्षर पुटपुटत वाचत राहिली.

"कधी धरला गं त्याला?"

"आई, ती नुसती पाटी आहे. टाकावीच लागते."

"कचेरीतली माणसं तोंडावर खोटं बोलतात, ते मला माहीत आहे. पण एवढ्या लोकांसमोर, सरकारी शिक्क्याखाली कोण खोटं लिहील?" आईचा चेहरा सैल पडला होता. बहीण गेल्यापासून युन्हेने तो असा पाहिला नव्हता. "म्हणजे आता मला अर्ज घेऊन जायला नको."

खरं सांगायचं तर आत्ताच सांगायला हवं होतं. हे तिला कळत होतं. मंडळाचा राग कुठल्या कुठे गेला, आता तिला स्वतःचीच किळस आली.

"नको," ती म्हणाली.

"धरला तेव्हा रडला का तो?"

"रडला. पोलिसांच्या पाया पडत होता."

आईने तिचा हात दोन्ही हातांत घेतला.

"सांग," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांग."